मेथी, हळद, गुळवेल: घरगुती उपायांतलं खरं किती, फुगवलेलं किती?

"रोज रात्री एक चमचा मेथी भिजत घाला, सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्या. 21 दिवसांत शुगर मुळापासून जाईल, गोळ्यांची गरजच उरणार नाही. कोणताही साइड इफेक्ट नाही." या धाटणीचा निरोप आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये सापडेल. मेथीच्या जागी कधी कारलं असतं, कधी दालचिनी, कधी गुळवेल. चाल मात्र तीच.

अशा निरोपात सगळंच खोटं नसतं आणि खरी अडचण तिथेच आहे. मेथीचा रक्तातल्या साखरेवर परिणाम होतो, याला आधार आहे. पण त्या एका खऱ्या गोष्टीचं बोट धरून तीन-चार न तपासलेल्या गोष्टी घरात शिरतात. त्यातली गोळ्या सोडण्याची गोष्ट माणसाला थेट अतिदक्षता विभागात पोहोचवू शकते. "सगळं थोतांड आहे" म्हणून झटकून टाकणं आणि "आजी करायची म्हणजे बरोबरच" म्हणून डोळे मिटून घेणं, ही दोन्ही टोकं मला सारखीच चुकीची वाटतात. दावा हातात घेऊन सोडवून बघता येतो आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. मेथीचाच निरोप समोर ठेवू. बाकीचे पदार्थ वाटेत येतीलच.

पायरी 1: दाव्याचे तुकडे करा

आधी विशेषणं खोडा. रामबाण, चमत्कारी, संजीवनी, शंभर टक्के खात्रीशीर, हे सगळं काढून टाका. उरलेल्या मजकुरातला प्रत्येक दावा वेगळ्या ओळीत लिहा. मेथीच्या निरोपाचं असं होतं:

- मेथीने रक्तातली साखर कमी होते.
- त्यासाठी एक चमचा मेथीचं पाणी पुरतं.
- 21 दिवसांत फरक दिसतो.
- मधुमेह कायमचा जातो.
- गोळ्या थांबवता येतात.
- कुणालाही अपाय होत नाही.

एका निरोपात सहा दावे निघाले. पहिल्याला थोडाफार आधार आहे, दुसऱ्या-तिसऱ्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे आणि शेवटचे तीन साफ चुकीचे आहेत. एकत्र वाचताना पहिल्याची विश्वासार्हता बाकीच्या पाचांना मिळते. सुटे केले की प्रत्येकाला आपापल्या पायांवर उभं राहावं लागतं.

तुकडे करताना काही दावे हातातून निसटतात. "शरीरातली घाण बाहेर पडते", "रक्त शुद्ध होतं", "इम्युनिटी वाढते" ही त्यातली नेहमीची वाक्यं. कोणती घाण? ती कोणत्या तपासणीत दिसते? उपायानंतर किती कमी झाली? याला उत्तर नसेल तर तपासायलाच काही नाही. "शरीर अल्कलाइन होतं" हाही त्याच जातीचा दावा. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं चोवीस तास करत असतात. लिंबूपाण्याने तो हलत नाही. हलला, तर तो माणूस गंभीर आजारी असतो.

पायरी 2: नेमकी वस्तू कोणती?

नाव एक आणि वस्तू दुसरी, असं फार वेळा होतं. हळद म्हणजे फोडणीतली पूड, हळद म्हणजे दुधात उकळलेली पूड आणि हळद म्हणजे तिच्यातलं कर्क्युमिन हे द्रव्य वेगळं काढून भरलेली कॅप्सूल. संशोधन बहुधा तिसऱ्यावर झालेलं असतं आणि निरोप पहिल्याबद्दल येतो. उलटही घडतं. "पिढ्यान्‌पिढ्या खातोय, काही होत नाही" हा अनुभव फोडणीतल्या हळदीचा असतो आणि त्याच्या बळावर कॅप्सूल विकली जाते. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या अशा पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याची प्रकरणं तिथल्या आरोग्य यंत्रणेने नोंदवली होती. वरणातल्या हळदीने असं होत नाही.

दालचिनीचंही तसंच. बाजारात स्वस्तात मिळणारी जाड, कडक सालीची दालचिनी बहुतेक वेळा कॅसिया जातीची असते आणि तिच्यात यकृताला बाधू शकणारं कौमरीन हे द्रव्य बरंच असतं. मसालेभातात एखादा तुकडा पडला तर काही बिघडत नाही. पण "शुगरसाठी रोज एक चमचा पूड" महिनोन्‌महिने घेतली तर काहींच्या यकृताला ते झेपत नाही. श्रीलंकेची पातळ, ठिसूळ सालींची दालचिनी वेगळी. तिच्यात कौमरीन नगण्य असतं.

गुळवेलीचा प्रसंग तर आपल्याच दारातला. करोनाच्या काळात इम्युनिटीसाठी घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी, त्याच कुळातली दुसरी वेल वापरली गेली असावी, वनस्पतीची ओळख नीट पटवली गेली नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यातही गुळवेलीकडे बोट दाखवलं गेलं. आधीपासून यकृताचा किंवा स्वयंप्रतिकारक (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असलेल्यांना धोका जास्त, असं त्यातून पुढे आलं. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. आपल्यापुरतं पाहायचं तर झाडावरून तोडून आणलेली किंवा लेबल नसलेल्या पिशवीतून आलेली वेल नेमकी कोणती, हे सांगता येत नसेल तर ती रोज पोटात घालू नये. दुसरा पक्ष बरोबर असला तरी निष्कर्ष हाच निघतो.

पायरी 3: किती?

माझ्या मते सगळ्यात जास्त फुगवटा इथे उघडा पडतो, त्यामुळे इथे जरा थांबू.

मेथीपासून सुरुवात करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत 1980 आणि 90 च्या दशकांत मेथीवर चांगलं काम झालं. त्यातल्या एका अभ्यासात मधुमेहींना रोज 25 ग्रॅम मेथीची पूड दोन भागांत, जेवणाआधी दिली होती आणि साखर कमी झालेली दिसली. आता स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. सपाट भरलेला एक छोटा चमचा मेथी साधारण 4 ग्रॅम भरते. म्हणजे अभ्यासातलं प्रमाण सहा-सात चमचे, रोज, महिनोन्‌महिने. शिवाय मेथीचा मुख्य गुण तिच्या विरघळणाऱ्या चोथ्यात मानला जातो. भिजल्यावर दाण्याला जो बुळबुळीतपणा येतो, तोच हा. हा चोथा आतड्यात साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो. पाणी पिऊन दाणे टाकून दिले तर बहुतेक चोथा कचऱ्याच्या डब्यात जातो. म्हणजे निरोपातला पदार्थ खरा, त्यामागचं संशोधनही खरं आणि तरीही निरोपात सांगितलेला उपाय तो नव्हेच.

हळदीचा हिशेब करून पाहा. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 3 टक्के. चार माणसांच्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद पडली, तर त्यात कर्क्युमिन 45 मिलिग्रॅमच्या आसपास. एकाच्या वाट्याला 11. संशोधनात वापरली जाणारी मात्रा बहुधा 500 ते 1500 मिलिग्रॅम. "भारतीय लोक हळद खातात म्हणून त्यांना अमुक आजार होत नाही" हे वाक्य ऐकलं की मला हे 11 मिलिग्रॅम आठवतात.

इथे मिरीचा दाखला हमखास दिला जातो: "मिरी घाला, हळद 2000 टक्के जास्त काम करते." हा आकडा हवेतून आलेला नाही. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पाइपरिन दिलं आणि रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन वीसपट झालं. पण नुसतं कर्क्युमिन दिल्यावर रक्तात ते जेमतेम सापडत होतं. जेमतेमच्या वीसपट म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे. त्यातही मोजलं गेलं ते रक्तातलं प्रमाण. कुणाची सांधेदुखी किती कमी झाली, हे त्या अभ्यासात पाहिलेलंच नव्हतं. "जास्त शोषलं गेलं" याचं "जास्त गुणकारी" कधी झालं, ते वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आणि पाइपरिन फक्त हळदीलाच मदत करत नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही ते वाढवू शकतं. मिरपूड भाजीवर भुरभुरली तर चिंता नाही, पण हळद-मिरीच्या कॅप्सूल सुरू करण्याआधी आपली औषधं डॉक्टरांना दाखवलेली बरी.

मापाचं महत्त्व पटवायला माझ्याकडे एक फार चांगलं उदाहरण आहे आणि तेही स्वयंपाकघरातलंच: मीठ-साखरेचं पाणी. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलराने माणसं मरत होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून मिसळलेलं पाणी नातेवाइकांकरवी तोंडाने पाजायला लावलं. 30 टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. घरी करायचं माप असं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढलं तर लहान बाळाला ते घातक ठरतं, साखर फार झाली तर जुलाब वाढतात. पदार्थ दोन्ही घरचेच, पण "चिमूटभर हे, मूठभर ते" अशा अंदाजाने ते औषध झालं नसतं. पाकिटातलं ओआरएस मिळत असेल तर तेच वापरावं, माप चुकण्याची भीती राहत नाही.

म्हणून कुठलाही उपाय कानावर आला की पहिला प्रश्न हा: किती ग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस? आणि ज्या अभ्यासाचा हवाला दिलाय, त्यात किती दिलं होतं? या दोन आकड्यांत दहापट अंतर असेल तर पुढच्या पायऱ्यांची गरजच पडत नाही.

पायरी 4: गुण कुणाला आला?

"संशोधनातून सिद्ध" या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी लपू शकतात: काचेच्या तबकडीतल्या पेशी, उंदीर, पाच-पन्नास माणसं किंवा शेकडो माणसांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना. तबकडीत कर्करोगाच्या पेशी मारणं अवघड नाही. दाट मिठाच्या पाण्यानेही त्या मरतात. शरीरात तेवढं प्रमाण पोहोचतं का आणि शेजारच्या निरोगी पेशी वाचतात का, हा खरा प्रश्न. उंदरांवरचे निकाल पुढच्या संशोधनाला दिशा देतात, पण आपल्या आईच्या गुडघ्याबद्दल ते फार काही सांगत नाहीत.

तुलनेशिवाय माणसांवरचा अनुभवही फसवतो, हे डेंगीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. ताप उतरायला लागतो त्या सुमारास प्लेटलेट्स सर्वांत खाली जातात आणि नंतर दोन-तीन दिवसांत बहुतेकांच्या आपोआप वर येतात. रिपोर्टमध्ये आकडा घसरलेला पाहून घाबरलेलं घर त्याच दिवशी पपईच्या पानांचा रस सुरू करतं. दोन दिवसांनी आकडा वर. रस दिला नसता तरी बहुधा वर आलाच असता. पपईच्या पानांवर काही चाचण्या झाल्या आहेत आणि प्लेटलेट्स थोड्या लवकर वाढल्याचं त्यांतल्या काहींत दिसलं. पण डेंगीत जीव जातो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांमधून द्रव झिरपल्यामुळे, आणि तो धोका ताप उतरतानाच सर्वांत जास्त असतो. प्लेटलेट्सच्या आकड्याकडे आणि रसाकडे लक्ष लागलं की पोटात दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं ही लक्षणं नजरेतून सुटतात.

शोधायचं कसं? पबमेड आणि कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाच्या दोन संकेतस्थळांवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि आजाराचं इंग्रजी नाव टाका. कॉक्रेनवर एकेका विषयावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून काढलेला निष्कर्ष साध्या भाषेत मिळतो. कारल्याबद्दल 2012 मध्ये त्यांनी चार चाचण्या आणि 479 माणसांची माहिती तपासली आणि मधुमेहासाठी कारल्याची शिफारस करण्याएवढा पुरावा नाही, असा निष्कर्ष दिला. कारल्याची भाजी वाईट आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. खोकल्यावर मुलांना मध देण्याबद्दलचा त्यांचा 2018 चा निष्कर्ष अनुकूल आहे: काहीच न देण्यापेक्षा मध बरा. आपल्याकडचं चाटण इथे उत्तीर्ण झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, अगदी जिभेवर बोट फिरवण्यापुरताही नाही. मधात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात.

पायरी 5: सोबत आणखी काय चालू होतं?

"आमच्या शेजारच्या काकूंना गुण आला." काकू खोटं बोलत नाहीत. पण त्याच महिन्यात त्यांची गोळी बदलली होती का? संध्याकाळी चालायला लागल्या होत्या का? भात कमी केला होता का? मेथी सुरू करणारा माणूस सहसा एकटी मेथी सुरू करत नाही. मनावर घेतलेलं असतं, त्यामुळे गोड सुटतं, चालणं सुरू होतं. श्रेय मात्र मेथीला जातं, कारण ती कडू लागते आणि लक्षात राहते.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये हाच प्रश्न देशभर गाजला. आपल्या पत्नीचा चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग साखर-दूध बंद करून आणि हळद, कडुनिंब, लिंबूपाणी घेऊन बरा झाला, असं एका माजी क्रिकेटपटूने जाहीरपणे सांगितलं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढून, या दाव्यांना आधार नाही, अशा बोलण्यावर विसंबून उपचार लांबवू नका, असं बजावलं. त्या बाईंवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. परळच्या या रुग्णालयात दूरदूरच्या गावांहून येणारे रुग्ण उशिरा का पोहोचतात, हे ज्यांनी रोज पाहिलंय त्यांचं ते निवेदन होतं आणि मला ते अतिशय गरजेचं वाटलं.

पायरी 6: विकतंय कोण आणि कसल्या शब्दांत?

1954 च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात 54 आजारांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, हृदयविकार त्यात आहेत. हे आजार बरे करण्याची जाहिरात करायला त्या कायद्याने बंदी आहे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर "अमुक आजार बरा होतो" लिहिणंही अन्नसुरक्षेच्या नियमांत बसत नाही. पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक तो पदार्थ विकायचा परवाना आहे. पाकिटावर छापलेल्या गुणांची ती हमी नव्हे.

"पेटंट मिळालंय" हाही असाच एक दिपवणारा शब्द. अमेरिकेत 1995 मध्ये हळदीने जखम भरण्याबद्दल पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आपल्या मराठी माणसाने जिंकलेली ही लढाई अभिमानाचीच आहे. पण ती कशावर जिंकली? हळदीचा हा उपयोग नवा नाही, भारतात तो आधीपासून माहीत आहे आणि छापलेलाही आहे, या मुद्द्यावर. हळद किती परिणामकारक, याचा निवाडा तिथे झालाच नव्हता. पेटंट देताना पाहतात ते नवेपण. रुग्ण बरे होतात का, हे तपासणारी यंत्रणा वेगळी.

प्रामाणिक दावा कसा असतो, ते इसबगोलावरून ओळखता येतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये इसबगोलाबद्दल दावा करायला परवानगी दिली, तीही अशी: दिवसाला 7 ग्रॅम विरघळणारा चोथा मिळेल एवढं इसबगोल, कमी संपृक्त चरबीच्या आहारासोबत घेतलं, तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. माप आहे, अट आहे आणि "होऊ शकतो" आहे. बद्धकोष्ठावर तर ते उत्तम चालतं, मात्र भरपूर पाण्यासोबत. कोरडं घेतलं तर घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतं. ज्या दाव्यात माप नाही, अट नाही आणि शंकेला जागाही नाही, तो जाहिरातीसाठी लिहिलेला असतो.

पायरी 7: कुणाला बाधेल?

"नैसर्गिक आहे, करून बघायला काय हरकत आहे?" हरकत कधीकधी जिवाची असते. दुधी भोपळ्याच्या रसाबद्दल हे पक्कं लक्षात ठेवा. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुर्बिटॅसिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात फार वाढतात आणि बाहेरून काही कळत नाही. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमली. 2018 मध्ये पुण्यातही एका महिलेचा असाच मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. समितीचा सल्ला साधा आहे: रस काढण्याआधी कच्च्या दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर थुंकून संपूर्ण दुधी टाकून द्या, आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. मिसळला की कडूपणा झाकला जातो. "कडू म्हणजे औषधी" ही आपल्याकडची समजूत इथे घात करते. भाजी करतानाही दुधी चाखून घेण्याची जुनी सवय घराघरांत होती, ती सोडू नये.

बाकीची यादी भराभर सांगते. ज्येष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. शहाळ्यात एका केळ्याएवढं तरी पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रेमाने पाजलेलं शहाळं हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. सैंधव मीठ हे बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबवाल्याने ते सढळ हाताने घेतलं तर साध्या मिठाइतकंच बाधतं, आणि आयोडीन मिळत नाही ते वेगळंच. गूळ आणि मध मधुमेहाला "चालतात" हा समजही सोडून द्यावा. साखर ती साखरच. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये. गरोदर बाई, लहान मूल, यकृत किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण आणि रोज तीन-चार गोळ्या घेणारी वडीलधारी मंडळी, या सगळ्यांसाठी कुठलाही नवा काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच.

पायरी 8: करूनच पाहायचं असेल तर असं करा

मेथी चालू करायची इच्छा असेल तर मी अडवणार नाही. पण रीतसर करा. डॉक्टरांना सांगून ठेवा आणि गोळ्या आहेत तशा चालू ठेवा. दाण्यांसकट खा, थोड्यापासून सुरुवात करा. एकदम जास्त घेतली तर पोट फुगतं. त्याच काळात आहार-व्यायामात दुसरा बदल करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. सुरू करण्याआधी दोन आठवडे आणि नंतर दोन-तीन महिने, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी साखर मोजून वहीत लिहा. फक्त चांगला आकडा आला की लिहायचा, असं करू नका.

वही वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. चांगल्या ग्लुकोमीटरच्याही आकड्यात प्रयोगशाळेच्या तुलनेत 15 टक्क्यांचा फरक मान्य असतो. खरी साखर 150 असताना यंत्र 128 दाखवू शकतं आणि 172 ही. त्यामुळे काल 148 आणि आज 131 आलं, यावरून मेथीचा विजय जाहीर करता येत नाही. आठवड्याची सरासरी काढा आणि एचबीएवनसी तपासणीची वाट बघा. ती साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून 21 दिवसांत तिच्यात पूर्ण चित्र उमटत नाही. निरोपातल्या तिसऱ्या ओळीचा निकाल इथे लागतो.

ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मेथीनेही साखर थोडी उतरवली, तर ती फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं, ही चिन्हं. 70 च्या खाली आकडा दिसला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.

घरात हे सांगायचं कसं?

निरोप पाठवणारे काका आपल्या काळजीपोटीच पाठवत असतात. "हे सगळं फेक आहे" असं सगळ्यांसमोर लिहिलं की काका दुखावतात आणि पुढचा निरोप आपल्याला वगळून जातो, एवढाच परिणाम होतो. त्यांना वेगळा फोन करा, खरं आहे तेवढं आधी मान्य करा आणि मग एकच गोष्ट मागा: "काका, मेथी चांगलीच आहे, घ्या ना. फक्त गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि तो निरोप पुढे पाठवताना गोळ्या बंद करायची ओळ तेवढी काढाल का?" सहा दाव्यांपैकी सर्वांत घातक असलेला एक जरी थांबला तरी फोन सार्थकी लागला.

आई-बाबांसोबत दवाखान्यात जाताना घरी चालू असलेला प्रत्येक काढा, चूर्ण, रस आणि कॅप्सूल यांची चिठ्ठी औषधांच्या यादीसोबत न्या. "तसं काही नाही हो डॉक्टर, घरचंच आहे" असं म्हणून पुष्कळ जण हे सांगतच नाहीत आणि कावीळ कशाने झाली ते शोधण्यात दिवस जातात. काही घेतल्यावर डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, रक्ताची उलटी झाली किंवा दुधीचा रस प्यायल्यावर अर्ध्या-एक तासात पोटात मुरडा येऊन उलट्या-जुलाब सुरू झाले, तर लिंबूपाणी देत बसू नका. उरलेला रस, पावडरची बाटली, वेलीचा तुकडा, जे असेल ते पिशवीत टाका आणि रुग्णासोबत घेऊन जा.